नाव काढू नका

सहादू पगारेच्या हातात कॅन्टीनचा चहा आला की तो एक वाक्य हमखास बोलायचा. "माणसाचं मला फारसं कळत नाही, पण तारेनं मला आजवर फसवलेलं नाही."

तार म्हणजे पोलादी, पीळ दिलेली, वजन पेलणारी. सातपूरच्या फोर्जिंग कारखान्यात फिटर म्हणून लागण्याआधी त्यानं आठ वर्षं धरणाच्या दरवाज्यांच्या तारा सांभाळल्या होत्या. डॉक्टर जसा नाडी बघतो तसा तो तारेवर बोट ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि "अजून दोन पावसाळे" किंवा "आजच बाद करा" असं सांगायचा. ते खरं निघायचं. खरं निघालं की लोक विसरून जायचे. तार तुटलीच नाही, तर लक्षात काय ठेवायचं?

त्र्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत कारखान्याचे मॅनेजर टिपणीस साहेब मुंबईहून ट्रकवर घालून एक नाव घेऊन आले. शिडाची, वापरलेली. कॉलेजात असताना साहेब दोनदा अशा नावेत बसले होते आणि तेव्हापासून स्वतःला दर्यावर्दी समजत होते. दोन सडपातळ होड्या शेजारीशेजारी, त्यांच्यावर जाळीचं कापड ताणलेलं, मधोमध उंच डोलकाठी. साहेब तिला कॅटमरान म्हणायचे. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टरात "कटमरण, एक नग" अशी नोंद केली. कामगारांनी तिला बाजेची नाव म्हणायला सुरुवात केली, कारण दोन होड्यांवर कुणी बाज टाकावी तशीच ती दिसायची.

नाव गंगापूर धरणाच्या पाण्यावर नेऊन ठेवली. एप्रिलमध्ये कारखान्याचा वर्धापनदिन होता. मुंबईहून चेअरमन शेठजी येणार, नावेतून फेरी मारणार, फोटो निघणार, आणि मग टिपणीस साहेबांची बढती मुंबईला होणार, असा एकंदर बेत होता. फक्त डोलकाठीच्या तारा कुणीतरी बघायला हव्या होत्या.

"पगारे, तूच," साहेब म्हणाले. "तुझा हात आहे त्यात. आणि ऐक, चार्जहँडच्या यादीत तुझं नाव सगळ्यात वर आहे. काम नीट कर."

अकरा वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला वासावर बसवणं होतं. चार्जहँड म्हणजे फिटरांचा मुकादम, त्याला खुर्ची मिळते. सहादूच्या वसाहतीत खुर्चीवर बसून काम करणारे तिघे होते, दोन शाळेत आणि एक पोस्टात. कारखान्यात एकही नव्हता. त्याची बायको विमल बालवाडीत शिकवायची. तिनं ही बातमी कुणालाच सांगितली नाही. म्हणजे शेजारच्या चारच घरांत सांगितली.

रविवारी सहादूनं घरातली उशी उसवली आणि मूठभर कापूस काढला.

"उशी कशाला फाडताय?" विमलनं विचारलं.

"तार बघायला. बोटाला सगळं लागत नाही. कापूस फिरवला की तुटलेला धागा कापसाला धरतो."

"मग नवा कापूस आणायचा. साहेबांच्या नावेसाठी माझी उशी कशाला?"

सहादू कापूस घेऊन सायकलवरून धरणावर गेला.

डोलकाठी तीन तारांवर उभी होती. एक पुढे, दोन दोन्ही बाजूंना. प्रत्येक तार एकोणीस धाग्यांची. खालच्या टोकाला ती एका धातूच्या नळीत दाबून बसवलेली. तार मरते ती नेहमी तिथंच. पाणी नळीत शिरतं, बसून राहतं, आणि वरून चकचकीत दिसणारं पोलाद आतून कुजतं. पुढची तार चांगली निघाली. उजवी चांगली निघाली. डाव्या तारेच्या नळीपाशी कापूस अडकला. सहादूनं जाड भिंगाचा चष्मा लावला. तीन धागे तुटून माशाच्या काट्यासारखे बाहेर आले होते, आणि नळीच्या तोंडाशी तपकिरी डाग होता.

त्यानं तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, "डावी तार बाद. बदलल्याशिवाय नाव चालवू नये." विमलनं घरी शुद्धलेखन तपासून दिलं. सोमवारी फॉर्म साहेबांच्या टेबलावर गेला.

"हे स्टेनलेस स्टील आहे, पगारे," साहेब म्हणाले. "याला गंज चढत नाही. म्हणून तर त्याला स्टेनलेस म्हणतात."

"वर चढत नाही साहेब. नळीच्या आत हवा लागत नाही, पाणी साचतं."

"तीनच धागे ना? सोळा शिल्लक आहेत. सोळा आणे नाव चालेल." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले आणि फॉर्म ब्रीफकेसमध्ये ठेवला. "नवी तार मागवतो."

नवी तार आली. खरेदी विभागानं कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची तार पाठवली होती, निळ्या रंगाची, दोन बंडलं. सहादूनं ती परत केली. मग काटेरी तार आली. ती परत करताना खरेदीवाले म्हणाले, "तुम्हाला कुठलीच तार पसंत पडत नाही, पगारे."

वर्धापनदिनाला चार दिवस राहिले. साहेब शेठजींना आणायला मुंबईला गेले. सहादूनं पुन्हा कापूस फिरवला. आता सहा धागे तुटले होते. नाव नुसती वाऱ्यात उभी राहून तीन धागे गेले होते. माणसं बसवून, शीड लावून काय होईल हे त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. ऑफिसात त्यानं मुंबईला ट्रंक कॉल लावायला सांगितला. ऑपरेटर म्हणाला, फिटरसाठी ट्रंक कॉल लावायचा नियम नाही.

मग सहादू तारऑफिसात गेला. देवनागरीत तार करता येते हे त्याला विमलनं सांगितलं होतं. त्यानं लिहिलं, "नावेच्या डाव्या बाजूच्या तारेचे सहा धागे तुटले आहेत. तार बदलेपर्यंत कृपया कोणीही नाव पाण्यात काढू नये."

खिडकीतल्या बाबूनं कागद वाचला आणि सुस्कारा सोडला. "तारेत निबंध लिहायचा नसतो हो. मुद्दा काय?"

"तार खराब आहे. नाव काढू नका."

"मग तेवढंच लिहा की." बाबूनं स्वतःच फॉर्म भरला: तार खराब. नाव काढू नका. पगारे.

सहादूला ते आवडलं. कमी शब्दांत, स्पष्ट.

ही तार मुंबईच्या हेड ऑफिसात पोचली तेव्हा टिपणीस साहेब शेठजींच्या समोर बसले होते आणि दोघांच्या मध्ये टेबलावर चार्जहँडच्या बढतीची यादी होती. पहिलं नाव, सहादू पगारे. शेठजी सहीसाठी पेन उघडत होते.

साहेबांनी तार वाचली. "तार खराब" ही पोस्टाची टीप असणार, मजकूर नीट आला नाही म्हणून. पुढचं मात्र ढळढळीत होतं. नाव काढू नका. पगारे.

"काय झालं?" शेठजींनी विचारलं.

"यादी फुटली, सर. कुणीतरी याला सांगितलं की याचं नाव काढणार आहेत. आणि हा बसल्याजागी तार ठोकतो, माझं नाव काढू नका म्हणून. थेट हेड ऑफिसला."

"युनियनचा आहे?"

"नाही सर. चांगला होता. पण या लोकांना जरा वर घेतलं की असं होतं."

शेठजींनी पेन टिपणीसांकडे सरकवलं. टिपणीसांनी नाव काढलं.

वर्धापनदिनाच्या दिवशी सहादू सकाळपासून धरणावर होता. त्यानं डोलकाठी उतरवून जमिनीवर आडवी ठेवली होती आणि डाव्या तारेला लाल चिंधी बांधली होती. तार मिळाली असेल, साहेब येतील, बघतील, फेरी रद्द करतील, असा त्याचा हिशोब होता. मांडव पडला होता. वायरमन रंगनाथ लाउडस्पीकरशी झटत होता. किनाऱ्यावर पुंजा जाळं साफ करत बसला होता. तो या पाण्यात मासे धरायचा, ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून.

अकराला दोन गाड्या आल्या. टिपणीस साहेब आडव्या डोलकाठीकडे बघत आले आणि लांबूनच बोलायला लागले.

"हा काय प्रकार आहे? राग काढतोस? तारा ठोकून काही होत नसतं, पगारे. काढायचं ते मी काढलंच."

सहादूनं वळून पाण्याकडे पाहिलं. "कुठं काढली साहेब? ही काय, इथंच आहे."

"काय इथंच आहे?"

"नाव."

साहेब थांबले. "तू तार कशाबद्दल केली होतीस?"

"तारेबद्दल. नाव काढू नका म्हणून."

बोलताना नाव काढलं की काढली हे कळतं. "काढू नका" म्हटलं की दोन्ही एकच, आणि तारबाबूनं नेमकं तेवढंच ठेवलं होतं. साहेबांचे कान लाल झाले.

"म्हणजे यादीतलं...?" सहादूनं विचारलं.

"ते आता झालं. सही झाली." साहेबांनी मागे पाहिलं, शेठजी गाडीतून उतरत होते. चूक झाली हे त्यांना आता सांगायचं, म्हणजे आपण मराठी असून मराठी वाचता येत नाही हे सांगायचं. साहेबांनी आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षी बघू. आधी काठी उभी कर."

"साहेब, ते नाव राहू द्या बाजूला. पण ही काढू नका. सहा धागे गेलेत."

"उभी कर म्हणतो ना."

"मी नाही करणार."

अकरा वर्षांत सहादू हे वाक्य पहिल्यांदाच बोलला होता. बोलून झाल्यावर त्यालाच ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली. "रंगनाथ. वायरचंच काम आहे ना हे? तू वायरमन आहेस. ये इकडे."

रंगनाथ पक्कड घेऊन धावत आला. त्यानं लाल चिंधी सोडली, तुटलेले धागे बोटानं दाबून बसवले आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. अगदी सफाईनं, एक वेढा दुसऱ्यावर अर्धा चढवत. चार माणसांनी डोलकाठी उभी केली.

"आता करंट लागणार नाही," रंगनाथ खालमानेनं सहादूला म्हणाला. दुसरं काय बोलावं हे त्याला सुचलं नसावं.

सहादू सरळ शेठजींकडे गेला. हात जोडून म्हणाला, "शेठजी, तार खराब है. नाव मत निकालिए."

"यही है वो?" शेठजींनी टिपणीसांना विचारलं. टिपणीसांनी मान हलवली. शेठजी समजुतीनं हसले. "देखो भाई, आज खुशी का दिन है. नाम का मामला बाद में देखेंगे."

सहादूनं एकदा टिपणीसांकडे पाहिलं. टिपणीस बुटाच्या नाड्या सोडत होते. मग त्यानं शेठजींना दुसरंच विचारलं. "तैरना आता है?"

"नहीं," शेठजी म्हणाले.

सहादू पुंजाकडे गेला आणि त्याची जादा ट्यूब मागून आणली. टिपणीस ओरडले, शेठजींना कुणी ट्यूब घालतं का, फोटोत कसं दिसेल. पण शेठजी स्वतः पाण्याकडे जरा वेळ बघत राहिले, आणि ट्यूबमध्ये शिरले. सहादूनं ती त्यांच्या पोटाशी दोरीनं बांधली. पोट आणि ट्यूब एकमेकांसाठीच केल्यासारखे बसले.

"पुंजाभाऊ, तू जरा पलीकडच्या अंगाला जाऊन थांब," सहादू हळूच म्हणाला.

"बुडंल म्हनता?"

"येताना. जाताना नाही."

कारण वारा उजवीकडून होता. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूची तार ताण घेते. जाताना उजवी तार ओढली जाणार होती, आणि ती चांगली होती. साहेब आणि शेठजी बसले आणि नाव सुसाट निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवर सनई लागली. पार मध्यावर पोचल्यावर टिपणीस साहेबांनी उभं राहून किनाऱ्याकडे, नेमकं सहादूकडे बघून हात हलवला. शेजारी उभे असलेले कामगार सहादूकडे बघून हसले. सहादू क्षणभर स्वतःच्या मनाला म्हणाला, तुटलीच नाही तर बरं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं की तुटली नाही तर आपण जन्माचे येडे ठरणार. यातलं आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं, आणि त्याबद्दल त्याला पुढं बरेच दिवस स्वतःचीच लाज वाटत राहिली.

मग नाव वळली. आता वारा डावीकडून आला. शीड फुगलं, डावी होडी पाण्यातून हातभर वर उचलली गेली, आणि शेठजी व साहेब तोल राखायला त्याच उचललेल्या बाजूला सरकून बसले. ताडकन आवाज झाला. डोलकाठी शिडासकट उजवीकडे पाण्यात आडवी झाली, वर उचललेली होडी धपकन खाली आपटली, आणि दोघंही पाठीमागे उलटे पाण्यात गेले.

शेठजी लगेच वर आले. ट्यूबमुळे ते खाली गेलेच नव्हते म्हणा. गणपतीच्या पाटासारखे गोल फिरत होते आणि तोंडानं एकेका देवाचं नाव घेत होते. साहेब मात्र दिसेनात. पुंजा हातांनी पाणी मारत ट्यूबवरून तिथं पोचला. सहादू कपड्यांनिशी पाण्यात शिरला होता. धरणावर आठ वर्षं काढलेला माणूस, पोहणं त्याला चालण्यासारखं होतं. शिडाच्या दोरात साहेबांचा पाय अडकला होता. सहादूनं बुडी मारून दोर सोडवला आणि साहेबांना कॉलरला धरून वर काढलं. वर आल्यावर साहेबांनी त्याच्या गळ्याला अशी मिठी मारली की किनाऱ्यापर्यंत सोडलीच नाही. किनाऱ्यावर पाय टेकले आणि सगळे बघतायत हे दिसलं, तेव्हा सोडली.

साहेबांची ब्रीफकेस नावेतच होती. होडी आपटली तेव्हा ती उसळून धरणाच्या तळाला गेली, तपासणीच्या फॉर्मसकट.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. मुंबईहून एक वकील आले. मृदू बोलणारे, सोनेरी फ्रेमचा चष्मा. त्यांनी सहादूला बसायला खुर्ची दिली. कारखान्यात त्याला मिळालेली ती पहिली खुर्ची.

"अपघाताआधी डोलकाठी कुणी उतरवली?"

"मी."

"तारेला शेवटी हात कुणी लावला?"

"रंगनाथनं. टेप लावली."

"टेपमुळे तार तुटते?"

"नाही."

"बढतीच्या यादीतून नाव गेल्याचा तुम्हाला राग होता? तशी तारही आहे तुमची."

"ती तार नावेची होती."

"नावाचीच म्हणतोय मी." वकिलांनी तार फाइलला लावली. "शेठजींसाठी ट्यूब आधीच आणून ठेवली होती. कोळी माणूस आधीच पाण्यात उभा केला होता. तो सांगतो, तुम्ही त्याला म्हणालात, येताना बुडेल. खरं आहे?"

"खरं आहे."

"मग, पगारे, तार तुटणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

सहादूनं सांगितलं. नळीबद्दल, पाण्याबद्दल, एकोणीस धाग्यांबद्दल. वकील ऐकत होते, लिहीत नव्हते. बोलता बोलता सहादूला जाणवलं, आपण जितकं नीट समजावून सांगतोय तितके आपण जास्त अडकतोय. तार कुठं, कधी आणि का तुटणार, हे इतकं बारीक ज्याला माहीत, त्याच्यावाचून ती तोडणार कोण?

"फॉर्म दिला होता मी," तो शेवटी म्हणाला.

"टिपणीस साहेब म्हणतात, फॉर्म मिळाला नाही."

टिपणीस समोरच बसले होते, दोरात अडकलेला पाय प्लॅस्टरमध्ये. ते खिडकीबाहेर बघत होते. सहादूनं त्यांना कॉलरला धरून बाहेर काढलं त्या वेळी ते ज्या नजरेनं बघत होते, ती नजर त्यांनी बहुतेक पाण्यातच ठेवली होती.

शेठजींनी कळवलं की माणसाला कामावरून काढू नका, त्याच्या ट्यूबनं आपला जीव वाचला. म्हणून नुसतं ताकीदपत्र आलं. विमलनं ते मोठ्यानं वाचलं. "यापुढे आपण वरिष्ठांना कोणतीही बाब स्पष्ट व निःसंदिग्ध भाषेत कळवावी." तिनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत यात." आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

चार्जहँड रंगनाथ झाला. आणीबाणीच्या प्रसंगी साहेबांच्या हाकेला ओ दिली म्हणून. खुर्चीवर तो कडेकडेनं बसायचा. आठवडाभर त्यानं सहादूची नजर चुकवली, आणि मग एक दिवस कागद घेऊन त्याच्याजवळ आला.

"सहादूभाऊ, क्रेनच्या तारेची तपासणी आलीय. माझ्या नावानं. मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही."

"मग?"

"तुम्ही बघा. सही मी करतो."

सहादूनं त्याच्याकडे बघितलं. पोरगा वाईट नव्हता. खाली तीस माणसं काम करत होती आणि क्रेन त्यांच्या डोक्यावरून फिरत होती. सहादूनं चष्मा लावला आणि शिडी चढून वर गेला. दहा मिनिटांनी वरून त्याचा आवाज आला.

"क्रेन बंद कर. खालची माणसं बाजूला घे. तार बाद आहे."

रंगनाथनं फॉर्मवर पेन टेकवलं. "लिहू?"

"लिही."

"साहेब विचारतील, सहादूभाऊ. विचारतील, तुला आधी कसं कळलं. काय सांगू?"

सहादू शिडीवरून सावकाश उतरला, हात पुसले, चष्मा घडी करून खिशात ठेवला.

"सांग," तो म्हणाला, "चार्जहँडला कळतं."